उपकरणाचें नांव कोणीं ठेवावें?

संगणकाचा सर्व कारभार ज्या मूळ आज्ञावलीकडे असतो, तिला कर्नेल म्हणतात. डिस्क, छपाईयंत्र इत्यादि उपकरणें नांवानेंच ओळखलीं जातात. तें नांव कोणीं ठेवावें, हा लिनक्स प्रणालींतील जुना वाद होय.

प्रारंभीं हजारों संभाव्य उपकरणांचीं नांवें आगाऊच लिहून ठेवीत. हजेरीपटांत न जन्मलेल्या मुलांचींही नांवें लिहावींत, तसेंच तें झालें. इ. स. २००१ च्या २.४ आवृत्तींत रिचर्ड गूच यांची ‘डेव्हएफएस’ योजना होती. तींत कर्नेल उपस्थित उपकरणांचींच नांवें मांडी. परंतु नांव ठरविण्याचा अधिकारही कर्नेलकडेच राहिला.

यांत धोका होता. डिस्क सांपडण्याचा क्रम पालटला कीं कालची पहिली आज दुसरी होई, आणि पुसावयाची राहून जपावयाचीच पुसली जाई. म्हणून २००३ सालीं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं ‘यूडेव्ह’ रचला. कर्नेलनें केवळ आगमनाची वर्दी द्यावी. यूडेव्हनें अनुक्रमांकासारखी खूण पाहून कायमचें टोपणनांव द्यावें, अशी ही वांटणी. २००६ सालीं डेव्हएफएस काढून टाकण्यांत आली.

तथापि संगणक सुरू होतांना यूडेव्ह कामास लागेपर्यंत खोळंबा होई. तो टाळण्यासाठीं २००९ मध्यें ‘डेव्हटीएमपीएफएस’ आली. तिनें प्राथमिक नोंद पुन्हां कर्नेलकडे दिली. वापराचे अधिकार व टोपणनांवें मात्र यूडेव्हकडेच राहिलीं.

जन्माची नोंद दप्तरांत व्हावी, पण बारसें घरच्यांनींच करावें, हाच येथील न्याय होय.