मला घ्यावेसे वाटणारे सोंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘माझी आवडती भूमिका’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्याला कोणाची भूमिका घ्यायला आवडेल ते आज प्रत्येकीने सांगायचे आहे. माझ्या आधी बोललेल्या भगिनींनी जिजाबाई, अहिल्याबाई अशी थोर नावे घेतली. माझे नाव त्या मानाने अगदीच वेगळे आहे. मला लढाऊ विमान चालवणारी एक बाई व्हायला आवडते. ती खरी नाही, गोष्टीतली आहे, आणि तिचे विमान आभाळाच्याही पलीकडे, ताऱ्यांमध्ये उडते. तिचे नाव कारा थ्रेस. तिच्याबरोबरचे वैमानिक तिला स्टारबक म्हणतात.

सोंग घेणे आपल्याला काही नवीन नाही. मंगळागौरीला पदर खोचून आपण सासू होतो, सून होतो, नणंद होतो, आणि घटकाभर तोंडाला येईल ते बोलून घेतो. अमेरिकेत १९७४ साली असाच एक बैठा खेळ निघाला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपण आपले पात्र काय करील ते सांगतो, आणि ते जमले की फसले हे फासे टाकून ठरते. आधी लिहून ठेवलेले संवाद नसतात. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी हा खेळ सुटीत आमच्याकडे खेळतात. एकदा त्यांना एक गडी कमी पडला, म्हणून मला बसवले. तेव्हा मुलीने मला ही स्टारबक दिली. पुढे तिची मालिकाही आम्ही दोघींनी मिळून पाहिली. इंग्रजी मला अडते, तिथे मुलगी सांगत गेली.

मालिकेचे नाव बॅटलस्टार गॅलॅक्टिका. गॅलॅक्टिका हे एक जुने लढाऊ जहाज, पण आकाशात चालणारे. माणसांनीच तयार केलेली यंत्रे माणसांवर उलटतात आणि बारा वसाहती एका दिवसात बेचिराख करतात. वाचतात ती पन्नास हजारांच्या आसपास माणसे, आणि त्यांना सांभाळायला हे एक जहाज. ते वाचले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. नव्या विमानांचे संगणक एकमेकांना जोडलेले होते. शत्रूने ती जागच्या जागी बंद पाडली. गॅलॅक्टिका मोडीत निघून तिचे संग्रहालय व्हायचे होते. तिच्यातले संगणक जुन्या पद्धतीचे, एकमेकांना न जोडलेले, आणि तिच्यावरची जुनी ‘वायपर’ विमाने शोभेसाठी ठेवलेली. तीच कामास आली. वीज गेल्यावर मिक्सर गप्प बसतो आणि पाटा-वरवंटा धावून येतो, तसेच हे.

त्या वायपरवर सर्वांत तरबेज हात स्टारबकचा. पण ती गुणी मुलगी मात्र नव्हे. चिरूट ओढते, दारू पिते, पत्ते कुटते. वरच्या अधिकाऱ्याला ठोसा मारते आणि कोठडीत जाऊन बसते. मागे एक मालिका १९७८ साली निघाली होती, तिच्यात स्टारबक पुरुष होता. २००३ साली नवी कथा केली तेव्हा ती बाई झाली. कॅटी सॅकहॉफ या नटीने ते काम केले आणि मालिका २००९ पर्यंत चालली. पहिल्या स्टारबकचे काम करणाऱ्या डर्क बेनेडिक्ट यांनी लेख लिहून यावर जाहीर नाराजी दाखवली. पण खरी अमेरिकाही मधल्या काळात बदलली होती. लढाऊ विमाने चालवण्याची तिथल्या स्त्रियांना असलेली बंदी १९९३ साली उठली होती.

तुम्ही म्हणाल, अशा अवगुणी बाईचे सोंग कशाला? तिचे व्यसन मला नको आहे. मला तिची एक गोष्ट फार लागली, तीच सांगते.

युद्धाच्या आधी ती नवशिक्यांना विमान शिकवीत असे. झॅक नावाच्या शिकाऊ मुलाशी तिचे लग्न ठरले होते. परीक्षेत तो उतरला नव्हता. त्याचे मन मोडवेना, म्हणून तिने त्याला पास केले. पुढे तो विमान घेऊन गेला आणि अपघातात मेला. त्याचे वडील म्हणजेच गॅलॅक्टिकाचे प्रमुख, अडामा. ते तिला मुलीसारखी मानतात, आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नसते.

पुढे वैमानिक कमी पडतात. अडामा तिला नवी मुले शिकवायला सांगतात. पहिल्याच उड्डाणानंतर ती त्या सगळ्यांना नापास करून घरी पाठवते! आपण पास केले की मूल मरते, ही भीती तिच्या मनात बसलेली. शेवटी अडामांपुढे तिला झॅकची खरी हकिकत सांगावी लागते. ते संतापतात, पण हुकूम देतात, की त्या मुलांना परत बोलाव आणि नीट शिकव. ती शिकवते. शिकवतानाच शत्रूची विमाने येतात. मुलांना मागे पाठवून ती एकटी आडवी होते, आणि तिचे विमान एका ओसाड चंद्रावर कोसळते.

गुडघा दुखावलेला, जवळची हवा संपत आलेली. पडलेले शत्रूचे विमान तिला सापडते. ती त्याच्या आत शिरते, त्यातल्याच हवेवर श्वास घेते, चाचपडत ते चालवायला शिकते आणि परत येते. आपलेच लोक शत्रू समजून गोळी घालतील, म्हणून पंखांच्या खालून चिकटपट्टीने आपले नाव लिहिते! रडत न बसता हाताशी असेल त्यातून मार्ग काढणारी ही बाई मला फार जवळची वाटली. महिनाअखेरीला आपण सगळ्याच तेवढ्यापुरत्या स्टारबक असतो.

खेळात पात्राच्या कागदावर गुणांबरोबर दोषही लिहितात. मी तिच्या कागदावर लिहिले : मायेने पास करते, भीतीने नापास करते. लिहिले, आणि वाटले की हा कागद कुठल्याही आईचा आहे.

आता घरचे सांगते. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. तिला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसायचे आहे. आपल्या हवाई दलात १८ जून २०१६ रोजी पहिल्या तीन मुली लढाऊ विमानांसाठी दाखल झाल्या. त्यांच्यापैकी अवनी चतुर्वेदी यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये मिग-२१ एकटीने उडवले. खडकवासल्याला मुलींना २०२२ पासून प्रवेश मिळाला, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. म्हणजे मुलगी मागते आहे ते गोष्टीतले नाही, अगदी खरे आहे. खरे आहे म्हणूनच माझ्या पोटात गोळा येतो. तिचे वडील म्हणाले, तू म्हणशील तसे.

नातेवाइकांचे म्हणणे दोन प्रकारचे. काही जणी म्हणतात, लेकीची हौस आहे, नुसती वाहवा करा. काही म्हणतात, मुलीची जात, फॉर्मच भरू देऊ नका. मला दोन्हींत स्टारबकचीच चूक दिसते. तिचे गणित कच्चे आहे. ते मी मायेने झाकणार नाही. रोज पहाटे तिला गणिताला उठवते आणि मग धावायला पाठवते. आणि माझ्या भीतीपायी तिला घरात नापासही करणार नाही. लेखी परीक्षा आहे, मुलाखत आहे, डॉक्टरी तपासणी आहे. पास-नापास करण्याचे काम त्यांचे. माझे काम तिची नीट तयारी करून देण्याचे. गेल्या आठवड्यात मी तिला ‘बस परीक्षेला’ म्हणून सांगितले.

ती उतरेल की नाही ते परीक्षाच सांगेल. पण हा निर्णय मला सुचला तो एका खोट्या बाईचे सोंग घेऊन. ज्या गोष्टी आपल्या नावाने बोलायला जड जातात, त्या दुसऱ्याच्या तोंडून बोलता येतात, आणि मग आपल्यालाच ऐकू येतात. भोंडल्याला आणि मंगळागौरीला आपल्या आज्या-पणज्या हेच करीत आल्या.

माझी एक सूचना आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आपण हा खेळ मांडावा. फासे माझ्या घरी आहेत, सूत्रधार व्हायला मुलगी परीक्षा झाल्यावर येईल. ज्यांना विमान नको त्यांनी अहिल्याबाई व्हावे. चहा माझ्याकडे.