थोरलीचा वाटा

‘पहिली बेटी, धनाची पेटी’ असं आपल्याकडं म्हणतात. मी भावंडांत थोरली. माहेर शिरूर तालुक्यातलं. भीमा ओलांडली की दौंड तालुक्यात सासर. आई कांद्याच्या लागणीला गेली की धाकट्याला मांडीवर घेऊन मी भाकरी थापायची. एक हात परातीत, दुसरा त्याला सावरायला; पीठ त्याच्या केसांतसुद्धा असायचं. आठवीनंतर शाळा सुटली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ‘ताई आहे ना,’ एवढ्यावर घरातलं सगळं भागायचं.

थोरलीचं लग्नही आधी. ती राहिली तर पाठच्या बहिणी खोळंबतात. माझं झालं १९९२ साली, धाकटीचं १९९६ साली. मधल्या काळात कायदा बदलला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे धाकटी हक्कदार, आणि जिनं तिला अंगाखांद्यावर वाढवलं ती थोरली बाहेर!

हा भेद मिटला ९ सप्टेंबर २००५ ला, केंद्राच्या दुरुस्तीनं. पुढं ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की २००५ च्या त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बुडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात.

हक्क मिळाला, तसं हक्कसोडपत्रही दारात आलं. ‘ताई, एवढी एक सही कर.’ बहुतेक ताया करतात. माहेर तुटायला नको म्हणून. माझ्यापुढं कागद आला तेव्हा मी म्हटलं, आधी वाचून दाखवा. वाचून झाल्यावर मी सही केली नाही. ती दिवाळी सासरीच गेली. आज सातबाऱ्यावर माझं नाव आहे, आणि भाऊबीजही होते. भावाचा राग वर्षभरात निवळला.

सगळ्याच जणींनी वाटा घ्यावा, असं मी म्हणत नाही. कुणाला राजीखुशीनं सोडायचा असेल, तिनं सोडावा. पण नोंदणी झालेला कागद सहजासहजी फिरवता येत नाही. म्हणून बायांनो, सही करण्याआधी सातबारा काढा, आपला हिस्सा किती ते विचारा, कागद घरी आणून सावकाश वाचा. आणि भावांनो, ताईनं काय काय केलं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगता ना? मग वारसनोंदीच्या अर्जातही तिचं नाव लिहा.