बटणांचा घाऊक व्यापार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी “तुमच्या धंद्याविषयी दहा मिनिटे बोला” असे सांगितले, तेव्हा मी संकोचलेच. लोणच्या-पापडांवर बोलणे सोपे. विजेच्या बटणांवर काय बोलावे? पण दिवसभरात आपला हात जितक्या वेळा बटणाला लागतो, तितका तो देवघरातल्या घंटेलाही लागत नाही, हे खरे ना?

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आमचे दुकान आहे. गल्लीचे नाव तपकिरीचे, माल सारा विजेचा! २००९ साली यजमान गेले आणि गल्ला माझ्याकडे आला. उधारीची वही उघडली तेव्हा कळले, की बटणे विकणे हा धंद्याचा सोपा भाग. कारखान्याकडून वितरक, वितरकाकडून आम्ही, आमच्याकडून नाक्यावरचे दुकान, तिथून वायरमन आणि मग तुमची भिंत. प्रत्येक पायरीवर छापील किमतीतून थोडी सूट सुटते, तीच ज्याची त्याची मिळकत. वितरकाला पैसे तारखेला हवेत. नाक्यावरचा दुकानदार मात्र “वहिनी, दिवाळीनंतर बघू” म्हणणार. २०१७ साली जुलैत जीएसटी २८ टक्के लागला, नोव्हेंबरात १८ वर आला. तेव्हा बदललेल्या किमतींच्या चिठ्ठ्या चिकटवून बोटे दुखली, ते वेगळेच.

आता माझी चूक सांगते. २०१२ साली दिवाळी तोंडावर होती, उधारी तुंबलेली. एका फिरत्या विक्रेत्याने १६ अँपिअरची ४०० बटणे बिलाशिवाय, फार स्वस्तात देऊ केली. मी घेतली. महिन्याभराने कोथरूडच्या एका दुकानदाराने त्यातले एक बटण माझ्यापुढे ठेवले. गिझरचे होते, कड वितळून काळी पडलेली. माणसाला इजा झाली नव्हती, एवढेच नशीब. फोडून पाहिले, तर आत चांदीच्या मिश्रधातूचा ठिपका असायला हवा तिथे नुसती पातळ पत्री. वर आयएसआयचे चिन्ह होते, पण खाली परवाना क्रमांकच नव्हता. घरगुती बटणांना हे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश २००३ सालचा. तो मला ठाऊक नव्हता असे नाही.

वही घेऊन रिक्षाने एकेक दुकान गाठले. ३४१ बटणे खोक्यांतच परत मिळाली. ५२ भिंतींत बसली होती, ती बदलून दिली; वायरमनची मजुरी मीच भरली. उरलेल्या ७ बटणांचा पत्ता कोणत्याही दुकानदाराला आठवेना.

म्हणून तुम्हाला सांगते, बटण घेताना चिन्हाच्या वर आयएस ३८५४ आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढचा क्रमांक बघा. मोबाईलवरच्या ‘बीआयएस केअर’मध्ये तो घालून पडताळता येतो. सूनबाई करून देतील! दुसरे, काही खोक्यांत वायरमनसाठी कुपन असते. त्याने मिळवावे, माझी ना नाही. पण माल कोणता आणायचा हे आपण ठरवावे आणि बिल आपल्या नावावर घ्यावे. तिसरे, गिझरचे साधे गणित करा. २००० वॉटांना २३० व्होल्टांनी भागले, की सुमारे पावणेनऊ अँपिअर येतात. दिव्याचे बटण ६ अँपिअरचे. त्यावर गिझर चालतो खरा, पण बटण तापते. बटणावरून हात काढताना ते कोमट लागले, तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा.

बटणाच्या रंगाढंगाविषयी पुष्कळ सांगता येईल, पण चिटणीसबाई घड्याळाकडे बघत आहेत. एकच विचारते. आपल्यापैकी कोणी २०१२ च्या दिवाळीच्या आगेमागे कोथरूड भागात गिझरचे बटण बसवले असेल, किंवा तसे घर ओळखीत असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा. मी स्वतः वायरमन घेऊन येईन. पैसे नाहीत.