आडत, दलाली आणि मोबाइलमधील बाजारपेठ

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)

आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात पाठविणाऱ्याला आडत म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. माल आपला, मेहनत आपली. परंतु ग्राहकाकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या हाती! या वाटेवर समाजाचे नियंत्रण असावे, म्हणून महाराष्ट्रात १९६३ साली कृषी उत्पन्न पणन कायदा झाला. फळे-भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी, एवढे ठरायला मात्र २०१६ साल उजाडले. आणि तरीही, शेतकऱ्यापुढे दुसरा खरेदीदार नसेल, तर ती आडत भावातून वळती होतेच. म्हणजे दलाली कोणी द्यावी याहून, दुसरी वाट आहे की नाही, हा प्रश्न मूलभूत आहे.

ॲपल आणि गूगल यांच्या ॲप-दुकानांत आज हाच प्रश्न उभा आहे. ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल सेवांवर या कंपन्या सर्वसाधारणपणे १५ ते ३० टक्के दलाली घेत आल्या. येथे बाजार समिती नाही, तिची निवडणूक नाही. दलालच बाजाराचा मालक, तोच नियमकर्ता आणि पुष्कळदा तोच प्रतिस्पर्धी विक्रेता.

युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्याने दलालीचा दर बांधून दिला नाही. वाट मोकळी करण्याचे बंधन घातले. ॲपलने वाट दिली, पण त्या वाटेवरही नवे शुल्क बसविले! बाहेरच्या स्वस्त पर्यायांकडे ग्राहकाला नेण्यात विक्रेत्यांना अडथळे आणल्याबद्दल एप्रिल २०२५ मध्ये तिला ५० कोटी युरो दंड झाला.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला. दरम्यान मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने 'शादी', 'नोकरी' यांसारखी भारतीय ॲप दुकानातून काढून टाकली. सरकारने हस्तक्षेप केला, तेव्हा ती परत आली. मंत्र्याच्या दारी जाऊ शकणाऱ्यांचे निभावले. एखाद्या लहान तरुण उद्योजकाने कोणाकडे जावे?

अन्याय घडून गेल्यावर वर्षानुवर्षांनी होणारा दंड पुरेसा नाही. बलाढ्य मध्यस्थांवर आधीच बंधने घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला होता. अशा कायद्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. अखेर ही दलाली ग्राहकाच्याच खिशातून जाते. तेव्हा, मित्रहो, दर कमी करा एवढीच मागणी करून थांबू नका. वाट खुली करा, असे म्हणा.