चाई की नायटा?

आदिलाबादच्या पार्लरमध्ये काम शिकणाऱ्या मुलींनो, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर चट्टा दिसला तर हात लावण्याआधी नीट पाहा. गोल, गुळगुळीत, कडेला मुळाशी बारीक झालेले तुटके केस: ही चाई, ती संसर्गाने पसरत नाही. खवले, खाज, केसांचे खुंट दिसले तर बहुधा नायटा. तो कंगव्यातूनही पसरतो, लहान मुलांत जास्त. घट्ट वेणीने कपाळाकडचे केस विरळ झाले असतील, तर तेल कसलं विकता? वेणी सैल करायला सांगा.

कधी कारण भलतंच निघतं: २०२५च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस मुठीमुठीने गळाले. आधी संशय पाण्यावर गेला, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी मात्र रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणून शंका आली की कात्री खाली ठेवा आणि गिऱ्हाइकाला रिम्स रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा.