अंगाने बोलणारे मन



होळी होऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. दर वर्षी या सुमारास आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्याकडे माणसांची रीघ लागते. सर्व जातिधर्मांची माणसे येतात, नारळांची मोठी होळी पेटते. या गर्दीत कित्येक कुटुंबे अशी असतात की, ती नवस फेडायला आलेली नसतात. घरातले एक माणूस बरे करून न्यावे, एवढ्यासाठी आलेली असतात. कुणाची सून महिनोन् महिने बोललेली नसते, कुणाचा मुलगा रात्रभर भिंतीशी बोलत असतो, कुणाच्या कर्त्या भावाने अंथरूण धरलेले असते.

या माणसांना हसणे सोपे आहे. शहरात बसून तर फारच सोपे आहे. मला आज हसायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, गावोगाव दवाखाने असताना ही माणसे तिकडे का जातात?

अंधश्रद्धा, हे एक उत्तर झाले. ते खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की, अशा ठिकाणी आजारी माणसाच्या शरीराला काही करायला मिळते. ते घुमते, रडते, ओरडते, जमिनीवर लोळते, अंगावर पाणी घेते, चार दिवस घराबाहेर उघड्यावर राहते. घरचे कुणीतरी सतत शेजारी बसलेले असते. आणि ‘हे असे काय करतोस?’ म्हणून त्याला कुणी दटावीत नाही. उलट दवाखान्यात पुष्कळदा त्याला दोन मिनिटे आणि एक चिठ्ठी मिळते. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली. तिच्यात असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांत १०० रुग्णांपैकी ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाही. हे अंतर केवळ डॉक्टर कमी म्हणून पडलेले नाही. आपण रुग्णाची भाषा ऐकत नाही, म्हणूनही ते पडले आहे.

आणि ही भाषा शरीराची आहे. आपली मराठीच पाहा ना. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो. वाईट बातमी ऐकली की पायांखालची जमीन सरकते. अपमान झाला की घास घशाखाली उतरत नाही, काळजी लागली की जीव टांगणीला लागतो, आधार मिळाला की जीव भांड्यात पडतो. आपल्या वाडवडिलांनी दुःखाला मनात असे कधी कोंडलेच नाही. त्यांनी ते छाती, पोट, घसा आणि पाय यांच्यात वाटून दिले. म्हणूनच आपला शेतकरी डॉक्टरांपुढे बसून ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, “हातपाय गयून गेले, जीव घाबरा होते, अन् रातभर डोया लागत नाही.” डॉक्टर छाती तपासतात, रक्त तपासतात, सलाईन लावतात. सगळे ठीक निघते. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून तो घरी जातो, आणि त्याला जे झालेले असते ते तसेच राहते.

विज्ञान या बाबतीत मराठीच्या बाजूचे आहे. १८८४ साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला आणि अस्वलाचे उदाहरण घेतले. अस्वल दिसले, भीती वाटली, म्हणून आपण पळतो, असे आपण समजतो. जेम्स म्हणाला, आधी शरीर हलते आणि त्याची जाणीव म्हणजेच भीती. हे मत जसेच्या तसे आज कुणी स्वीकारीत नाही. परंतु शरीराला वगळून भावना समजत नाही, एवढे त्याने दाखविले. पुढे वॉल्टर कॅनन याने हार्वर्डमध्ये प्रयोग करून सांगितले की, संकट दिसताच मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून एक द्रव्य रक्तात उतरते, हृदय धावू लागते, रक्त पोटातून स्नायूंकडे वळते, आणि प्राणी लढायला किंवा पळायला सिद्ध होतो. लढणेही नाही आणि पळणेही नाही, अशी कोंडी झाली तर तो थिजतो.

ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावकऱ्याला अस्वलाचे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. पण अस्वल निघून जाते. कर्जाची नोटीस जात नाही. पावसाने दिलेली ओढ, सोयाबीनचा उतरलेला भाव, मुलीचे ठरलेले लग्न, यांच्याशी मुठी आवळून लढता येत नाही आणि त्यांच्यापासून पळूनही जाता येत नाही. शरीर मात्र लढाईच्या तयारीत महिनोन् महिने ताटकळत उभे राहते. झोप उडते, भूक मरते, खांदे आखडतात, आणि एक दिवस हातपाय खरोखरच गळतात. पश्चिम विदर्भाला ही गोष्ट नवीन नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता.

जे शेतकऱ्याचे, तेच त्याच्या घरातील बाईचे. तिला तर बोलायची सोयही कमी. तिच्या अंगात येते तेव्हा घर तिला हात जोडते, आणि एरवी तिचे कुणी ऐकत नाही. मी असे म्हणेन की, अंगात येणे हे पुष्कळदा न बोललेल्या वाक्याचे शेवटचे रूप असते.

मग उपचार शरीरापासूनच सुरू केला तर? हा विचार गेली शंभर वर्षे चालू आहे. फ्रॉइडचा शिष्य विल्हेल्म राइख याने सांगितले की, दाबलेले दुःख स्नायूंत चिलखतासारखे घट्ट बसते. निरीक्षण मोलाचे होते. परंतु पुढे तो वाहवत गेला, विश्वशक्ती साठविणाऱ्या पेट्या विकू लागला, न्यायालयाची आज्ञा मोडल्याबद्दल तुरुंगात गेला आणि १९५७ साली तेथेच वारला. ही कथा मुद्दाम सांगितली. शरीरावरून मनाकडे जाणारा रस्ता खरा आहे, पण त्या रस्त्यावर भोंदूंचीही दुकाने आहेत. शरीराच्या द्वारे आघात मोकळा करण्याच्या ज्या नव्या पद्धती अलीकडे निघाल्या, त्यांतील काहींचा पुरावा अजून तोकडा आहे. चालणे, व्यायाम आणि ठरवून केलेले काम यांचा पुरावा मात्र भक्कम आहे.

यातील चांगला चिकित्सक काय करतो, ते सांगतो. समजा, असा एक शेतकरी त्याच्यापुढे आला. चिकित्सक त्याला ‘मनात काय आहे?’ असे एकदम विचारीत नाही. तो विचारतो, “धडधड कोठे होते? बोट ठेवून दाखवा. कोणत्या वेळी वाढते?” मग तो पायांकडे लक्ष नेतो: चपला काढा, तळवे जमिनीला टेकवा, जमीन गार आहे की ऊन, ते सांगा. मग श्वास. घेताना लागला त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावायचा. यात चमत्कार नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. मेंदूतून छातीपोटाकडे उतरणारी एक मज्जा ते काम करते. लढाईला उभ्या राहिलेल्या शरीराला ‘घटकाभर बस’ असे सांगण्याची ती एक रीत आहे. शरीर थोडे बसले की जीभ सुटते, आणि मग माणूस कर्जाचा आकडा सांगतो, जो त्याने बायकोलाही सांगितलेला नसतो.

यानंतर काम. खिन्न माणूस म्हणतो, ‘मन लागले की उठेन.’ उपचार उलटा आहे: आधी उठायचे, मन मागाहून येते. पण सबंध शेत नव्हे. आज बांधापर्यंत चालत जायचे, उद्या बैलांना पाणी दाखवायचे, परवा एक तास निंदायचे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी खिन्नतेच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी १०० पैकी ६४ जण आजारातून बाहेर आले. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. तेथे खिन्नतेसाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. अमरावतीला जे जमले, ते मेहकर-मोताळ्याला का जमू नये?

आता निसर्गाविषयी. रॉजर उल्रिक या संशोधकाने १९८४ साली दाखविले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही सौम्य पुरली. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘वनस्नान’ हा शब्द रूढ केला. आज मुंबई-पुण्याची मंडळी पैसे भरून झाडांखाली बसायला जातात. जरूर जावे.

परंतु हा सल्ला आपण आपल्या शेतकऱ्याला द्यायला गेलो तर तो आपल्या तोंडाकडे पाहील. तो जन्मभर झाडाखालीच बसला आहे. ज्याला शहरी माणूस निसर्ग म्हणतो, तेच त्याचे कामाचे ठिकाण आहे आणि तेच त्याच्या भीतीचेही ठिकाण आहे. आकाशाकडे पाहून कवीला आनंद होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोरड्या आकाशाकडे पाहून याच्या पोटात गोळा येतो. म्हणून त्याला निसर्गाकडे न्यायचे नसते. निसर्गाशी त्याचे मोडलेले नाते जोडून द्यायचे असते, आणि तेही हिशेबाच्या बाहेरच्या एका कोपऱ्यापासून. ज्या निंबाखाली तो लहानपणी खेळला तो निंब, दारची गाय, पैनगंगेचा काठ, किंवा जिच्यापासून एक पैसाही मिळवायचा नाही अशी परसातली वाल-दोडक्याची वेल. ज्या मातीने त्याचा फक्त हिशेब मागितला, त्याच मातीत पुन्हा हात घालून त्याला एवढेच उमगले पाहिजे की, आपण कर्जाच्या खात्याहून काही निराळे आहोत.

येथे मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. दीर्घ श्वासाने कर्ज फिटत नाही. ते काम शासनाचे आणि समाजाचे आहे. कानात आवाज ऐकू येणाऱ्या, संशयाने पछाडलेल्या किंवा जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञ लागतो, औषध लागते. झाड आणि श्वास औषधाच्या बरोबरीने चालतील; त्याच्या जागी चालणार नाहीत. आणि साखळी तर कधीच नाही. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. शरीराला बोलू देणे हा जर उपचार असेल, तर शरीराला बांधून घालणे हा त्याचा खूनच होय.

श्रद्धा आणि औषध यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. ज्याला दर्ग्यावर जायचे त्याने जावे, ज्याला शेगावला माथा टेकायचा त्याने टेकावा. परंतु परतीच्या वाटेवर जिल्हा रुग्णालयाची पायरीही चढावी. शासनाचा १४४१६ हा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. घरात कुणी गप्प झाले असेल तर फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्याला उपदेश करू नका. ‘छातीत होते का?’ असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

उद्या सकाळी आपल्या गल्लीत असा एखादा माणूस नक्की असेल. त्याला ‘चल, बांधापर्यंत जाऊन येऊ’ एवढेच म्हणा आणि त्याच्या पावलाने चाला. वाटेत तो बोलला नाही तरी चालेल. परवा पुन्हा जा.