चुंबक बंद होत नाही



विषय एमआरआय यंत्राचा आणि वक्ता कामगार संघटनेचा, हा मेळ कसा जमला असे आपल्याला वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. या यंत्राच्या अभ्यासाकडे आम्ही वळलो ते मात्र एका बातमीमुळे.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात बत्तीस वर्षांचा एक तरुण आजारी नातेवाइकाबरोबर गेला होता. ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन तो एमआरआयच्या खोलीत शिरला. यंत्र बंद आहे असे त्याला सांगण्यात आले, अशी त्याच्या आप्तांची तक्रार होती. यंत्राने सिलिंडर ओढले, त्याबरोबर तोही ओढला गेला आणि प्राणास मुकला. त्याआधी २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी असेच सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते.

'यंत्र बंद आहे' या तीन शब्दांतच सारा घात आहे. गिरणीतला माग किंवा लाकडाच्या वखारीतली करवत बटण दाबले की थांबते. हे चुंबक तसे थांबत नाही. त्यातील तारेचे वेटोळे द्रवरूप हेलियमच्या साह्याने शून्याखाली २६९ अंशांइतके थंड ठेवलेले असते. इतक्या थंडीत त्या तारेचा विजेला होणारा विरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे आपला आपण फिरत राहतो. दिवे गेले, पडदा मालवला, तंत्रज्ञ घरी गेला, तरी चुंबक जागेच असते. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्राचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतो.

एवढा जोर कशासाठी हवा? आपले शरीर बहुतांशी पाण्याचे आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. त्याच्या अणूचे केंद्रक हे एक इवलेसे चुंबकच. मोठ्या चुंबकात ते कललेल्या भोवऱ्याप्रमाणे डुलू लागते, १.५ टेस्लामध्ये सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. नेमक्या त्याच गतीची रेडिओलहर सोडली की ते शक्ती घेते आणि लहर थांबली की परत देते. तो क्षीण संदेश यंत्र टिपते. क्ष-किरणांचा यात संबंध नाही.

अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये हा संदेश स्वतंत्रपणे पकडला. पुढे १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर आपले एस. एस. धर्मट्टी यांनी अल्कोहोलवर प्रयोग केला. त्यातील हायड्रोजन तीन वेगळ्या स्वरांत बोलतो, म्हणजे जसा शेजार तसा स्वर, असे त्यांना दिसले. याच धर्मट्टींनी नंतर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये या शास्त्राचे काम उभे केले. हे यंत्र सर्वस्वी परक्यांचे आहे असे मानण्याचे कारण नाही.

परंतु संदेश शरीराच्या कोणत्या भागातून आला हे कसे कळावे? १९७३ मध्ये लॉटरबर यांनी युक्ती काढली. चुंबकाचा जोर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित वाढवत न्यावा. मग प्रत्येक जागेचा स्वर वेगळा होतो आणि स्वरावरून ठिकाण कळते. मॅन्सफिल्ड यांनी हे काम वेगवान केले. दोघांना २००३ चे नोबेल मिळाले. आत झोपलेल्या रोग्याला जी ठोकठोक ऐकू येते, ती हा जोर पालटणाऱ्या वेटोळ्यांची असते.

आता मेंदूकडे वळू. १९९० मध्ये ओगावा यांनी दाखविले की प्राणवायू दिलेले रक्त आणि प्राणवायू असलेले रक्त यांचे चुंबकीय गुण वेगळे असतात, आणि हा फरक चित्रात उमटतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तेथे रक्ताची रसद वाढते. यावरून काम कोठे चालले आहे हे ताडता येते. मात्र येथे विवेक हवा. यंत्राला विचार दिसत नाही. रसद दिसते, तीही काही सेकंद उशिरा. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला मासा यंत्रात ठेवला, तर हिशेबातील ढिलाईमुळे त्याच्याही मेंदूत हालचाल असल्याचे चित्र निघाले! रंगीत चित्र पाहून हुरळून जाऊ नये, हा त्या माशाने दिलेला धडा आहे.

उपचारातील उपयोग अधिक रोकडा आहे. लकव्यात मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण मजूर रात्री धडधाकट निजला आणि पहाटे हात लुळा घेऊन उठला, तर तास कोठून मोजावयाचे? एका पद्धतीच्या एमआरआय चित्रात इजा काही मिनिटांत दिसते, दुसऱ्या पद्धतीच्या चित्रात ती उमटण्यास काही तास लागतात. पहिल्यात दिसली आणि दुसऱ्यात नाही, तर इजा ताजी समजावयाची. अशा रोग्यांना औषधाचा लाभ होतो, हे युरोपातील २०१८ च्या पाहणीने दाखविले. हातांच्या कंपावरही कवटी न उघडता इलाज निघाला आहे. सुमारे हजार ठिकाणांहून ध्वनिलहरी एका बिंदूवर आणून तो बिंदू तापवितात, आणि तेथील उष्णता एमआरआय मोजत राहते. अमेरिकेने याला २०१६ मध्ये मान्यता दिली.

पण मांडवीच्या तांड्यावरचा किंवा कोलामपोडावरचा माणूस साडेचार तासांत अशा यंत्रापाशी पोहोचेल काय? किनवटहून नांदेडच शंभर किलोमीटरांहून दूर. चाकांवरचे, साध्या प्लगवर चालणारे ०.०६४ टेस्लाचे लहान यंत्र अमेरिकेत २०२० पासून मान्य आहे. त्याचे चित्र तितके रेखीव नसते, तरी खाटेपाशी नेता येते. अशी साधने आडगावी यावीत, ही मागणी आपण केली पाहिजे.

आणि यंत्राबरोबर शिकविलेली माणसेही मागितली पाहिजेत. दारावरचा शिपाई, ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉय, झाडणारी मावशी, या साऱ्यांना हे चुंबक काय आहे ते कोणी समजावले आहे काय? महिन्या-महिन्याला बदलणाऱ्या कंत्राटी माणसाला ते कोण सांगणार? दारावरची सूचना मराठीबरोबर गोंडी, तेलुगू आणि बंजारा बोलीतही सांगितली जावी. आपणही लक्षात ठेवा: हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगा. वेल्डिंगचे किंवा ग्राइंडरचे काम केलेले असेल आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा. तो कण आत हलला तर दृष्टी जाऊ शकते.

त्या तरुणाला एवढेच माहीत असते, की हे चुंबक बंद होत नाही, तर तो सिलिंडर बाहेर ठेवून आत गेला असता. आज घरी गेल्यावर हे वाक्य निदान एका माणसाला सांगा.